भुलाबाईचा खाऊ

आमच्या आईने आयुष्यात कधी कुणाला सरळ खाऊ दिला नाही. हे मी रागानेच लिहिते आहे. ती श्रावणात गेली. लोक अजून भेटायला येतात आणि तिच्या हाताला किती चव होती ते सांगत बसतात. चव होती, नाही कोण म्हणतं. पण ती चव तोंडात पडेपर्यंत या बाईने गल्लीतल्या पोरींचा जो जीव खाल्ला, त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. गेलेल्या माणसाचं सगळंच एकदम गोड होऊन जातं. मला ते सोसत नाही, कारण त्या गोडात माझी आई मला कुठे सापडत नाही.

भुलाबाई म्हणजे आमच्याकडची पार्वती. भाद्रपदातल्या पौर्णिमेला ती मातीची होऊन माहेरी येते. मांडीवर बोटभर गणपती, शेजारी फेटा बांधलेला नवरा भुलोजी. कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते. संध्याकाळ झाली की मुली घरोघर जाऊन तिच्यापुढे गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात. गाणी संपली की त्या घरच्या बाईने झाकलेल्या डब्यात खाऊ घेऊन बाहेर यायचं आणि मुलींनी तो न पाहता ओळखायचा. ओळखला की वाटायचा. एवढाच खेळ. भीमपूरच्या बाजूला, पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या गावात ऐंशीच्या सुमारास आम्हा मुलींना याहून मोठी करमणूक नव्हती. आदिलाबादला सिनेमा होता, पण तो दादासाठी होता.

बाकीच्या घरी हे काम झटक्यात उरके. सोनारकाकूंकडे दर वर्षी खोबरं आणि साखर. डबा हलवावाही लागत नसे, दारातूनच सगळ्या एका सुरात ओरडत. काकू हसत, हातावर चिमूट चिमूट ठेवत आणि आम्ही पुढच्या दारी. आमच्या दारी मात्र सगळं अडकून बसे. म्हणून तर आमचं घर शेवटी ठेवलेलं.

डबा हलवून आवाजावरून खाऊ ओळखतात, हे आईला ठाऊक होतं. म्हणून ती खाऊभोवती लुगड्याची चिंधी दाबून बसवी. कधी मऊ लाडवांसोबत मुद्दाम चिंचोके टाकी, म्हणजे डबा खुळखुळावा आणि मुलींनी फुटाणे, शेंगा, शंकरपाळे म्हणत भलतीकडे धावावं. वासावरूनही ओळखतात, म्हणून खाऊ दुपारीच करून ठेवायची आणि ऐन गाण्यांच्या वेळी चुलीवर कांदा टाकायची. सगळा ओटा कांद्याच्या वासाने भरून जाई. त्या वासात बारा-पंधरा मुली, टिपऱ्या काखेत धरून, भुकेल्या पोटी विचार करत बसलेल्या असत.

"काकू, गोड का तिखट, एवढं तरी सांगा."

"तोंडात गेल्यावर समजंन."

"दाताखाली वाजते का?"

"ते तुया दातावर हाय. पडके असतीन तं नाई वाजत."

"काकू, अंधार पडून राह्यला. माय मारते."

"मंग हरलो म्हणा. म्हणा हरलो, आता उघडतो."

पण हरलो म्हणायला कुणी तयार नसे. आणि आईलाही ते मनातून नकोच असे. ती उंबऱ्यात बसायची, डबा मांडीवर घेऊन, दोन्ही हात झाकणावर ठेवून. चेहरा असा की जणू डब्यात निजामाचा खजिना आहे. एकदा त्यात निघाली भाजलेली मोहाची फुलं, जंगलातून आलेल्या गोंड बायांकडून घेतलेली. एकदा सीताफळाचा नुसता गर, बिया काढून. एवढ्या बिया काढायला तिने अर्धा दिवस घालवला असणार, आणि कशासाठी, तर आठ-दहा वर्षांच्या पोरींना हरवायला. मला आजही याचं नवल वाटत नाही, वैताग वाटतो.

सगळ्यात जास्त हाल माझे. मुलींना वाटे, हिच्या घरचा खाऊ, हिला माहीत असणारच. आईला वाटे, ही फोडणारच. म्हणून कोजागिरीच्या दिवशी दुपारपासून मला स्वयंपाकघरात पाय टाकायला बंदी. तहान लागली तरी पाणी बाहेर आणून मिळे. मी पुस्तक घेऊन मागच्या खोलीत जायची. तिथे पहिल्या वेचणीचा कापूस आणून टाकलेला असे. बाबांचा मळा वांग्या-मिरच्यांचा, पण एका तुकड्यात कापूसही असायचा. कापसाला वास नसतो असं शहरातले लोक समजतात. त्याला वास असतो. सरकीचा, उन्हाचा, वाळल्या पानांच्या चुऱ्याचा, थोडासा तेलकट. त्या ढिगात पाठीने खड्डा करून मी वाचत पडायची. बाहेर उखळीचा आवाज येई, आणि मी पुस्तक छातीवर उपडं ठेवून तो आवाज ऐके. काय कांडते आहे? दाणे की डाळ? जगात आवडती जागा कोणती असं मला कुणी विचारलं तर मी ती खोली सांगेन. आणि त्या खोलीत माझं वाचन कधी धड झालं नाही, तेही आईमुळेच.

माझ्या टिपऱ्या सागाच्या होत्या. बाबांनी सुताराकडून तासून घेतलेल्या, टोकांना लाल-हिरवे पट्टे. दुसऱ्यांच्या वेळूच्या टिपऱ्या टक टक वाजत, माझ्या टण्ण वाजत. गर्दीतही मला माझा आवाज वेगळा ऐकू येई. मी फारशी बोलत नसे, तेव्हा माझं असं एवढंच काही गावात वाजत होतं. लग्न होऊन यवतमाळला गेले तेव्हा त्या देवळीत ठेवल्या होत्या. पुढच्या उन्हाळ्यात आले तर दादाच्या दोन्ही मुलांनी अंगणात क्रिकेट मांडलेलं, आणि त्या टिपऱ्या मातीत रोवलेल्या. आईला म्हटलं, तू पाहिलं नाहीस? ती म्हणाली, "पाह्यलं ना. लाकूड पक्कं हाय, नाई मोडत." हे तिचं सांत्वन.

आमच्या भिंतीला लागून नरसक्काचं घर. तिच्याकडे त्याच महिन्यात बतुकम्मा, तेलुगू बायांचा फुलांच्या देवीचा सण. तिच्या मुली पहाटे तरवडाची पिवळी फुलं आणि कुरडूचे तुरे आणून ताटात थर रचत. तिच्या अंगणात फुलांचा ओला, हिरवट वास आणि आमच्या ओट्यावर कांदा. आम्ही तिच्या मुलींबरोबर टाळ्या वाजवत तळ्यावर जायचो, तिच्या मुली आमच्याबरोबर भुलाबाईची गाणी म्हणायच्या. नरसक्का स्वतः चांगली मोठी बाई, पण खाऊ ओळखायला भिंतीपाशी उभी असायची, कारण आईपुढे हरणं तिलाही झेपत नसे.

"वदिना, गुळाची वडी हाय ते."

"नाई."

"तुमी नेहमी नाई म्हणता. डबा दाखवा."

"वदिना, तुमी पोरी हा का?" आई तिला तिच्याच भाषेत वहिनी म्हणून परत हाक मारी. "असान तं रांगेत बसा."

आणि एका वर्षी नरसक्का खरंच रांगेत बसली होती. मांडी घालून, आमच्यामध्ये. हरली. दुसऱ्या दिवशी मक्याच्या सत्तूची ताटली आमच्याकडे आली ती बिनझाकणाची. आईने ती पाहून म्हटलं, "यात काय मजा?"

मग गावात टीव्ही आला. पटलांच्या माळवदावर उंच बांबूला अँटेना लागला. तो नागपूरकडे फिरवला की मराठी लागायचं आणि वारा सुटला की मुंग्या. मालिकेची वेळ आणि भुलाबाईची वेळ एकच. मुली गाणी अशी म्हणू लागल्या की जणू बस सुटायला आली आहे. टिपऱ्या पिशवीतून काढायच्याच नाहीत. मी तेव्हा कॉलेजात होते, सुट्टीत आले होते, आणि ओट्यावर बसून पाहत होते. आई डबा घेऊन उंबऱ्यात आली, पदर सावरून बसली, आणि मुली तिच्या बसण्याआधीच म्हणाल्या, "हरलो काकू, हरलो, द्या लवकर." हात पुढे. आईने झाकण काढलं. त्यांनी मुठी भरल्या आणि पळाल्या. गल्ली रिकामी.

आई कितीतरी वेळ झाकण हातात धरून तशीच. मी म्हटलं, जाऊ दे आई, लहान आहेत. ती म्हणाली, "खाल्लं त्यांनी. पण काय खाल्लं ते कोनी पाह्यलं नाई."

तरी तिने सोडलं नाही. नव्वद उलटलं, केबल आली, मुली पंधराच्या सहा झाल्या, सहाच्या चार. तिला आता काकूऐवजी आजी म्हणणारी पिढी आली. ती दर वर्षी मूर्ती बसवायची, दर कोजागिरीला चिंधी दाबून डबा भरायची. मी पत्रातून कळवायची, की आता दगदग नको. ती वहिनीकडून उत्तर लिहवून घ्यायची, त्यात पावसापाण्याचं सगळं असे, याबद्दल एक ओळ नसे.

यंदा भाद्रपदातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी यवतमाळहून मूर्ती घेऊन निघाले. कुणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, आणि आमच्याकडे भुलाबाईचा नियम मोठा कडक आहे. एकदा तिच्या येण्यात खंड पडला की त्या घरी लेक जन्मेपर्यंत तिला पुन्हा बसवत नाहीत. दादाला दोन मुलगे. वहिनीचं ऑपरेशन झालेलं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही. शाळेत शिकवणारी बाई मी, असले नियम मला पटत नाहीत. पण ते मोडायलाही माझं मन होत नाही, याची मला स्वतःचीच चीड येते. आदिलाबादहून गावच्या बसमध्ये मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूर्ती. कंडक्टर म्हणाला, "क्या है उसमें?" मी म्हटलं, देव है. तो म्हणाला, "फिर गोद में ही रखो. ऊपर रखेंगे तो नीचे आ जाएगा."

बाबा ओट्यावर मिरच्यांची देठं खुडत बसले होते. गुंडाळी पाहूनच त्यांना कळलं.

"हे काऊन आणलं तू?"

"उद्या पौर्णिमा आहे, बाबा."

"मले माईत हाय. यंदा नाई बसवत आपन. वर्ष निंगू दे."

"वर्ष गेलं तर खंड पडतो."

"मंग पडू दे." त्यांनी पुढची मिरची उचलली. "भुलाबाई काय पाहुनी हाय का कोनाच्याई घरी यायले? माहेरी येते ते. माय नाई त्या घरी कोनाकडं येईन?"

मीही त्याच घरी आले होते. हातातली पिशवी अजून खाली ठेवली नव्हती. बाबांच्या ते लक्षातही आलं नाही. ते काही मनाला लागावं म्हणून बोलत नव्हते, त्यांना तसं खरंच वाटत होतं. वहिनीने दारातून माझ्याकडे पाहिलं आणि पाणी आणायला आत गेली.

"बाबा, चार मुली येतात. त्यांनी कुठे जायचं?"

"टीव्ही पाहायले. दरखास्त नामंजूर." तहसील कचेरीत आयुष्यभर ऐकलेला हा शब्द ते घरात वापरत, आणि एकदा वापरला की विषय संपे.

नरसक्का भिंतीपलीकडून सगळं ऐकत होती. ती आता थकली आहे, केस पांढरे, पण भिंतीपाशी उभं राहायची सवय तशीच.

"इकडं दे ना, बिड्डा," ती मला म्हणाली. "माझ्या ओट्यावर बसते ती. मला कुठं सुतक हाय?"

"तुम्हाला गाणी येतात का, अक्का?"

"इतके वर्सं ऐकून राह्यलो, येत कसे नाई?"

बाबा उठले. "करा बाप्पा, काय करायचं ते," म्हणाले, आणि मिरच्या तशाच टाकून मळ्याकडे गेले. मी भिंतीवरून मूर्ती पलीकडे दिली. देताना माझे हात हलके झाले ते मला आवडलं नाही.

महिनाभर मी यवतमाळला होते. कोजागिरीला सुट्टी काढून परत आले तेव्हा वहिनीने मला सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी पलीकडे गाणी सुरू झाली की बाबा मळ्यात मोटर पाहायला जातात. लाइट नसली तरी जातात. नरसक्का गाण्यांची कडवी उलटसुलट म्हणते, सासूच्या गाण्यात नणंद घुसवते. भुलाबाईला तिने बतुकम्माच्या फुलांनी इतकं झाकलं आहे की भुलोजीचा फक्त फेटा दिसतो. आणि खाऊ? "खाऊ रोज लगेच ओळखू देते," वहिनी म्हणाली. "पोरी लई खूश हायत. आता अकरा येतात."

अकरा. मी भिंतीपाशी जाऊन पाहिलं. सगळंच चुकीचं होतं. चाल चुकीची, टिपऱ्यांऐवजी टाळ्या, फेर उलट्या दिशेने. आईने हे पाहिलं असतं तर ती ओट्यावरून उतरून दुरुस्त करायला गेली असती आणि अर्ध्या मुली दुसऱ्या दिवशी आल्या नसत्या. मला वाटलं आपण जाऊन सांगावं. मग वाटलं, काय सांगणार, आणि कोण म्हणून.

दिवेलागणीला मुली निघाल्या. दोघींनी पाट धरलेला, पाटावर भुलाबाई, चहूबाजूंनी ज्वारीचे हिरवे धांडे बांधलेले. बोळवण करायची म्हणून घरोघर नेऊन शेवटी नाल्यावर. पुढे नरसक्का. सोनारकाकूंकडे थांबल्या, पुढे थांबल्या, आणि वळून आमच्या दारासमोर आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. शेवटचं घर हेच असतं, एवढं त्यांना माहीत होतं. बाबा ओट्यावर होते. चंद्र वर येत होता. मुली दारातच उभ्या, आता मळ्यात जायला निमित्त उरलं नव्हतं. मुलींनी फेर धरला, गाणी म्हटली, उलटसुलट, आणि थांबल्या.

"आबा, खाऊ?"

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. आम्ही काहीच केलं नव्हतं. बाबा मग गुडघ्यावर हात देऊन उठले. दारात आलेल्या लेकींना रिकाम्या हाताने परत पाठवणं त्यांना जमणारं नव्हतं. आत गेले आणि लगेच स्टीलचा डबा घेऊन बाहेर आले. पुढच्या मुलीने डबा एकदाच हलवला.

"शेंगदाने."

बाबांनी झाकण काढलं. शेंगदाणेच होते. भाजलेलेही नव्हते. कुणी हात पुढे केला नाही.

"घ्या ना," बाबा म्हणाले. "बरोबर ओळखलं."

"झालं?" मुलगी म्हणाली.

"मंग?"

"असं नसते, आबा."

"कसं असते?"

मुलींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांनाही ते सांगता येईना. शेवटी एक म्हणाली, "आजी तं रडवत होती."

माझ्या डोक्यात संताप उठला. हा माणूस त्या बाईबरोबर जन्म काढून बसला. दर आश्विनात याच ओट्यावर, याच जागी बसून सगळं ऐकलं, कांद्याचा वास घेतला, चिंचोके तिला मळ्यातल्या चिंचेखालून यानेच आणून दिले. आणि तिचं एवढंसुद्धा याच्या हाताला लागलं नाही. मी काही बोलणार होते. पण बाबा डबा हातात धरून उभे होते आणि पहिल्यांदाच त्या मुलींकडे नीट पाहत होते.

"पुन्ना लपवा," त्यांतली सगळ्यात लहान म्हणाली. "आमी नाई पाहत."

आणि सगळ्या पाठ फिरवून रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. पाट धरलेल्या दोघी वळल्या तशी भुलाबाईही वळली, भुलोजी आणि गणपतीसकट.

बाबा आत गेले. मी त्यांच्यामागे गेले. ते फळीसमोर उभे होते. डब्यांच्या रांगेवरून त्यांची नजर फिरत होती, परक्या घरात आल्यासारखी.

"काय ठेवू वं?" ते हळूच म्हणाले. "तुले तं समजते तिचं. सांग."

मला समजत होतं. उभ्या उभ्या मला फळीवर तीन गोष्टी दिसल्या ज्या त्या मुलींना रात्रभर ओळखता आल्या नसत्या. तोंड उघडलंही होतं.

"मी नाही सांगत, बाबा. मी बाहेर जाते."

"काऊन?"

"मलाही ओळखायचा आहे."

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मिरच्यांनी कडक झालेल्या बोटांनी डबा छातीशी धरलेला. आवाज चढवून, माझ्या लहानपणी बोलायचे तसं म्हणाले, "जाय मंग भाईर. अन् खिडकीतून पाहू नको."

मी बाहेर येऊन मुलींच्या रांगेत, त्यांच्यासारखीच दाराकडे पाठ करून उभी राहिले. शेजारच्या मुलीने सरकून जागा दिली. आत डब्यांची झाकणं वाजत होती. काहीतरी सांडलं. वहिनी हसली, आणि बाबा तिच्यावर खेकसले, "हासू नको, तिले समजंन." पुन्हा शांत. पुन्हा एक झाकण. कुणाला इतका वेळ लागतो? एका डब्यात एक जिन्नस टाकायचा, त्याला काय पंचांग पाहावं लागतं? माझे पाय दुखायला लागले होते.

"अन्ना," नरसक्काने वैतागून हाक मारली, "चांद डोक्यावर आला ना."

"थांबा जरा," आतून बाबांचा आवाज आला. "अजून नाई झालं. कोनी वळू नका."

आम्ही वळलो नाही.